गाडीत ठेवलेल्या कॅमेऱ्याचा विमा: धंद्यात नव्यानं उतरलेल्यांसाठी

तुळशीचं लग्न लागलं की कोल्हापुरात आम्हा फोटोवाल्यांची झोप उडते. सकाळी हळद एका कार्यालयात, दुपारी अक्षता दुसरीकडं, संध्याकाळी रिसेप्शन गावाबाहेरच्या लॉनवर. त्यातून एखादी सकाळ मोकळी मिळालीच, तर प्री-वेडिंगचं जोडपं रंकाळ्यावर उभं. या धावपळीत बॅग खांद्यावर कमी आणि पार्किंगला लावलेल्या गाडीत जास्त असते. विमा कंपनीला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, म्हणूनच पॉलिसीतल्या जाचक अटी नेमक्या गाडीसाठी लिहिलेल्या असतात.

मी पहिला विमा काढला तेव्हा एजंट म्हणाला, "काय बी होऊ दे, सगळं कव्हर हाय." मी सही केली, कागद कपाटात टाकला. दुसऱ्याच वर्षी रंकाळ्यावर शूट संपवून मी बॅग स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो. दहा मिनिटांत परत आलो तर डिकी उचकटलेली, आत फक्त रेनकोट. क्लेम नाकारला गेला. पत्रातलं एकच वाक्य लक्षात राहिलं: चोरी कारमधून झालेली नाही. तेव्हा वाईट वाटलं, रागही आला. पण पॉलिसी काढून वाचली तर त्यात खरंच तसं लिहिलं होतं. खाली जे सांगतोय ते त्या दिवसापासून शिकलेलं आहे.

पायरी १: सामानाची वही करा

विमा काढायच्या आधी हे करा, कारण एजंट तेच पहिल्यांदा मागेल. बॉडी, प्रत्येक लेन्स, फ्लॅश, ट्रिगर, गिंबल, माईक, ट्रायपॉड, लॅपटॉप, अगदी बॅगसुद्धा. प्रत्येकापुढं मॉडेल, सिरीयल नंबर, बिलाची तारीख, बिलाची रक्कम आणि आज नवीन घ्यायला लागणारी किंमत. बॉडीचा नंबर बहुधा तळाशी असतो, लेन्सचा माउंटच्या आसपास, आणि दोन्ही खोक्यावरच्या लेबलवर असतात. नंबराचा जवळून फोटो काढा. खोकी अडगळीत टाकायची असतील तर निदान लेबल कापून वहीत चिकटवा.

बिल पक्कं हवं, जीएसटीचं, तुमच्या किंवा स्टुडिओच्या नावाचं. थोडे पैसे वाचतात म्हणून बिलाशिवाय घेतलेली लेन्स वापरायला छान असते, पण सर्वेअरपुढं, म्हणजे नुकसान तपासायला कंपनी पाठवते त्या माणसापुढं, ती तुमचीच आहे हे सिद्ध करताना घाम फुटतो. जुनी वस्तू घेतली असेल तर विकणाऱ्याकडून त्याचं मूळ बिल घ्या, सिरीयल नंबर घातलेली सही-तारखेची पावती घ्या आणि पैसे रोख न देता खात्यातून पाठवा. पावती नसेल तर एक आधार आहे: बऱ्याच कॅमेऱ्यांनी काढलेल्या मूळ फाइलमध्ये बॉडीचा सिरीयल नंबर दडलेला असतो. जुन्या लग्नांच्या काही मूळ फाइली जपून ठेवा. कॅमेरा तुमच्या हातात होता याचा तो पुरावा होऊ शकतो.

वहीची एक प्रत मेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. लॅपटॉपमध्ये ठेवाल, तर लॅपटॉप बॅगेबरोबरच जाईल.

पायरी २: आहे तो विमा कुठं संपतो ते बघा

नव्या पोरांचा ठाम समज असतो की गाडीचा विमा आहे म्हणजे गाडीतलं सगळं आलं. नाही. गाडीचा विमा गाडीचा असतो. वैयक्तिक सामानासाठी जादा हप्त्यात मिळणारं कव्हर असतं, पण त्याची मर्यादा तोकडी, आणि धंद्याचं सामान त्यातून बहुधा वगळलेलं.

घराच्या विम्याचंही तेच. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या मजकुराची पॉलिसी विकतात. ती मुळात आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. तिच्यात चोरी येते ती अशा एखाद्या संकटानंतर सात दिवसांच्या आत झालेली. छोट्या धंद्यांसाठीच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'चा साचाही तसाच. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या स्टुडिओवाल्यानं ती जरूर घ्यावी, पण पार्किंगमधल्या बॅगेला तिचा उपयोग नाही.

दुकानदार कॅमेऱ्याबरोबर 'प्रोटेक्शन प्लॅन' देतो, तो बहुतेक वेळा पडझड आणि दुरुस्तीपुरता असतो. चोरी हा शब्द त्यात सापडतो का, ते बघा.

पायरी ३: नेमकी कुठली पॉलिसी मागायची

काउंटरवर जाऊन "कॅमेऱ्याचा विमा पाहिजे" म्हटलं तर समोरचा गोंधळतो. दोन नावं लक्षात ठेवा: ऑल रिस्क आणि इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट. दुसरी घेतलीत तर फिरत्या सामानासाठीचं, म्हणजे पोर्टेबल इक्विपमेंटचं कव्हर जोडून घ्या, नाहीतर विमा स्टुडिओच्या चार भिंतींपुरताच राहतो. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या, शिवाय खाजगी कंपन्या आहेतच. दोन-तीन ठिकाणी लेखी कोटेशन मागा. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच तुलना करा.

अर्ज भरताना चार गोष्टी लपवू नका. धंद्यासाठी वापरता हे स्पष्ट लिहा. हौशी म्हणून हप्ता वाचवला तर क्लेमच्या दिवशी तुमचं इन्स्टाग्रामच तुमच्याविरुद्ध साक्ष देईल. कॅमेरा कर्जाच्या हप्त्यावर घेतला असेल तर ते सांगा. लेन्स भाड्यानं आणत असाल तर ती तुमची नाही, म्हणून आपोआप कव्हर होत नाही. भाड्याच्या सामानाचा वेगळा उल्लेख करून घ्या. आणि ड्रोन असेल तर तो या पॉलिसीत येतो का, हे विचारा. बहुतेक ठिकाणी तो वगळलेला असतो.

पायरी ४: गाडीचं कलम चहा पिऊन, सावकाश वाचा

सगळी मेख इथं आहे. ऑल रिस्क पॉलिसीतलं नेहमीचं कलम मराठीत साधारण असं: गाडीतून झालेली चोरी भरून मिळणार नाही, अपवाद फक्त पूर्ण बंदिस्त, सलून प्रकारच्या कारचा, आणि तोही त्या वेळी तिची सगळी दारं, खिडक्या आणि इतर उघडणारे भाग नीट लावून लॉक केलेले असतील तरच.

सलून म्हटल्यावर मला आधी केस कापायचं दुकानच आठवलं होतं. इथं सलून म्हणजे टपाची, चारी बाजूंनी बंद मोटार. आता आपल्या धंद्यातली वाहनं डोळ्यांपुढं आणा. स्कूटरची डिकी? नाही. बाइकला लावलेली साइड बॅग? नाही. कापडी टपाची जीप? नाही. सामान न्यायला भाड्यानं घेतलेला छोटा टेम्पो, मागं ताडपत्री बांधलेला? अजिबात नाही. मारुतीची व्हॅन किंवा बोलेरो बंदिस्त आहे, पण तिला वेगळी डिकी नाही, सामान काचेतून दिसतं. काही पॉलिसींत सामान डिकीत किंवा नजरेआड असावं अशी जादा अट असते. तुमच्या गाडीचं मॉडेल लिहून कंपनीला मेल करा: "या वाहनातून, लॉक असताना चोरी झाली तर कव्हर आहे का?" उत्तर मेलवरच घ्या. एजंटचं "व्हय व्हय, चालतंय" हे उत्तर नव्हे.

दुसरा शब्द आहे जबरदस्तीनं प्रवेश. पॉलिसीत नुसती 'चोरी' लिहिली आहे की 'घरफोडी', म्हणजे काहीतरी तोडून-फोडून केलेली चोरी, हे बघा. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये घरफोडीच्या विम्याबाबत स्पष्ट केलं की पॉलिसीत बळाच्या वापराची अट असेल तर नुसती चोरी पुरत नाही, बळ वापरल्याचं दिसलं पाहिजे. म्हणजे काच फुटलेली असेल तर तुमची बाजू मजबूत. दार उघडं राहिलं आणि कुणी हात घालून बॅग नेली, तर संपलंच.

म्हणूनच ती जुनी युक्ती आपल्याला दुप्पट महागात पडते. "साहेब, इंजिनातनं ऑइल गळतंय," किंवा "तुमच्या नोटा पडल्यात बघा" म्हणत एकजण ड्रायव्हरला खाली उतरवतो, आणि दुसरा पलीकडच्या दारातून बॅग उचलतो. काच फुटत नाही, लॉक तुटत नाही. कॅमेरा जातो आणि क्लेमही जातो. कुणी काही सांगितलं तरी उतरण्याआधी बाकीची दारं लॉक करा. असिस्टंट पोरांना तर हे पाठच करून घ्या.

आणखी तीन बारीक अटी असू शकतात. रात्रभर रस्त्यावर उभ्या गाडीतली चोरी वगळलेली, किंवा गाडी कुलूपबंद गॅरेजमध्येच हवी. नोकर किंवा ड्रायव्हरनं केलेली चोरी वगळलेली. आणि कॅमेऱ्यातला डेटा, म्हणजे लोकांचं लग्न, त्याची भरपाई नाहीच.

पायरी ५: रक्कम कमी लावू नका

हप्ता वाचवायला रक्कम कमी लावायची सवय आपल्याकडं जुनी आहे. तिचा हिशोब असा. समजा तुमच्या सामानाची खरी किंमत ४,५०,००० रुपये, आणि विमा काढला ३,००,००० चा. १,५०,००० ची बॉडी आणि लेन्स गेली. तुम्हाला वाटतं, तीन लाखांचा विमा आहे, दीड लाख तर मिळतीलच. कंपनी म्हणते, तुम्ही दोन तृतीयांशच विमा काढला होता, म्हणून नुकसानीचेही दोन तृतीयांश: १,००,०००. त्यातून तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम, म्हणजे एक्सेस, वजा. माझ्या दुसऱ्या क्लेमला मी याच गणितात अडकलो. वर्षभरात दोन लेन्स घेतल्या होत्या, पॉलिसीत त्या नव्हत्याच. नवी वस्तू आली की त्याच आठवड्यात एंडॉर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत तिची लेखी भर, करून घ्या. "पुढच्या रिन्यूअलला टाकू" म्हणणाऱ्या एजंटला हसून नाही म्हणा.

भरपाई नव्या वस्तूच्या किमतीनं मिळणार की घसारा कापून, हेही आधीच विचारा. पाच वर्षांच्या बॉडीवर या एका ओळीनं आकडा निम्म्यावर येऊ शकतो.

पायरी ६: गाडी लावताना

हे थोडक्यात. बॅग डिकीत ठेवायची तर ती निघण्याच्या ठिकाणीच ठेवा. कार्यालयासमोर गाडी लावून, सगळ्यांच्या देखत डिकी उघडून बॅग आत सरकवणं म्हणजे पत्ता सांगणं. मागच्या काचेवर स्टुडिओचं नाव आणि कॅमेऱ्याचं चित्र चिकटवायची हौस असते. तो स्टिकर मी काढून टाकला. रिमोट दाबून पाठ फिरवू नका, हँडल एकदा ओढून बघा. बिंदू चौक किंवा दसरा चौकासारख्या पैसे देऊन लावायच्या पार्किंगमध्ये गाडी लावली तर पावतीचा लगेच मोबाइलवर फोटो काढा. जागा आणि वेळ दोन्ही त्यावर असतात. पन्हाळा, जोतिबाला चैत्र यात्रेच्या गर्दीत गाडी लांब लावावी लागते, तेव्हा एक माणूस गाडीजवळ ठेवलेला परवडतो.

आणि भरलेली कार्डं खिशात. बॅगेत नाही. विमा कितीही चांगला असू दे, नवरीच्या आईला अक्षतांचे फोटो कुठून देणार?

पायरी ७: काच फुटलेली दिसली, आता

लग्न उरकून रात्री साडेदहाला आम्ही चौघं तांबडा-पांढरा ओरपत होतो. बाहेर आलो तर मागची डावी काच नव्हती. सीटवर, खाली, दाराच्या कप्प्यात काचेचे हिरवट दाणे. असिस्टंटनं लगेच हातानं ते झाडायला सुरुवात केली. मी ओरडलो, "हात लावू नकोस!"

ते दाणे हाच पुरावा आहे. काच आतल्या बाजूला पडली म्हणजे बाहेरून फोडली. आधी चारी बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ: गाडीचा नंबर दिसणारा, फुटलेली काच जवळून, सीटवरचे दाणे, बाकीच्या बंद काचा, रिकामी डिकी, आणि आजूबाजूच्या दुकानांची पाटी. समोर कुणाचा सीसीटीव्ही आहे का ते बघा आणि मालकाला त्याच रात्री विनंती करा. बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

मग ११२. गाडी शक्यतो हलवू नका, पोलिसांचा घटनास्थळ पंचनामा तिथंच व्हायला हवा.

ठाण्यात जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

"काय हरवलंय?"

"हरवलं न्हाई साहेब. चोरीला गेलंय."

"गहाळचा दाखला देतो, विम्याला चालतोय."

चालत नाही. गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवलं. चोरी म्हणजे कुणीतरी नेलं. विमा कंपनीला गुन्हा नोंद झालेला हवा, गहाळ झाल्याचा दाखला नव्हे. नम्रपणे, पण ठाम राहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं मुख्य कलम ३०३ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, फिर्याद घ्यावी लागते, आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तरीही कुणी नोंदवून घेत नसेल, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालानं पाठवता येते. आमच्या वेळी वहीतले सिरीयल नंबर पुढं ठेवल्यावर हवालदारांचा सूरच बदलला. नंबर असले की त्यांनाही शोधायला काहीतरी धागा मिळतो.

फिर्यादीत ही वाक्यं आलीच पाहिजेत: गाडी किती वाजता, कुठं लावली, सगळी दारं लॉक होती, सगळ्या काचा बंद होत्या, कुठली काच फोडून आत प्रवेश केला, सामान डिकीत होतं की सीटखाली, आणि प्रत्येक वस्तू सिरीयल नंबरसह. सही करण्याआधी पूर्ण वाचा. रात्री दोन वाजता डोळे मिटत असतात, तरीही. एकदा "गाडीतून बॅग गहाळ झाली" असं लिहिलं गेलं की सहा महिने तेच वाक्य खोडत बसावं लागतं.

विमा कंपनीला त्याच रात्री फोन करा आणि पाठोपाठ मेल. वाहनचोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं की फिर्याद तत्काळ दिली असेल तर कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरून क्लेम फेटाळता येत नाही. पण तो निकाल आधार म्हणून ठेवा, सवय म्हणून नको.

काच बदलण्याचं बिल जपून ठेवा, त्यावर तारीख आणि गाडीचा नंबर असू द्या. कॅमेऱ्याच्या क्लेममध्ये ते बिल काच फोडल्याचा आणखी एक पुरावा ठरतं. काचेचा क्लेम मात्र गाडीच्या विम्यावर टाकताना विचार करा. काच स्वस्त असेल आणि तुमचा नो-क्लेम बोनस चांगला साठला असेल, तर पदरचे पैसे भरणं फायद्याचं ठरतं.

पायरी ८: सर्वेअर आणि 'अ समरी'

सर्वेअर येईल. त्याच्याशी भांडू नका, तो तुमचा शत्रू नाही. पण जे सांगाल ते फिर्यादीशी जुळलं पाहिजे. वेळेत अर्ध्या तासाचा फरक पडला तरी तो विचारतो. वही, बिलं, फोटो, पार्किंगची पावती, त्या दिवसाच्या लग्नाची ऑर्डर, सगळं एका फायलीत द्या आणि पोच घ्या.

त्यानंतर खरी वाट पाहणं सुरू होतं. बऱ्याच कंपन्या तपासाचा शेवटचा कागद मागतात. महाराष्ट्रात गुन्हा खरा, पण आरोपी किंवा माल मिळाला नाही, अशा अहवालाला 'अ समरी' म्हणतात. 'ब' म्हणजे फिर्याद खोटी, 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली. तुम्हाला 'अ' हवी, न्यायालयानं मंजूर केलेली. तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला ९० दिवसांत कळवावं, असं नव्या संहितेत आहे. तेवढे दिवस झाले की अर्ज घेऊन ठाण्यात जा, शांतपणे विचारा, अर्जावर शिक्का मारून घ्या. दरम्यान कंपनीलाही विचारत राहा. काही वेळा समरीआधीच, नुकसानभरपाईचा बाँड घेऊन रक्कम देतात.

नाकारलं तर कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कलमासह. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं जा, मग विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) १५५२५५ या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा पोर्टलवर. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूरसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील नको, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि एकट्याच्या मालकीच्या छोट्या धंद्याचीही तक्रार घेतात. मात्र कंपनीनं नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

एक शेवटची गोष्ट. क्लेमचे पैसे घेताना कंपनी एका पत्रावर सही घेते: पुढं माल सापडला तर तो कंपनीचा. ते बरोबरच आहे. पण त्या बॉडीत कार्ड राहून गेलं असेल, तर पत्रातच एक ओळ घालून घ्या की मेमरी कार्ड आणि त्यातले फोटो तुम्हाला परत मिळावेत. कंपनीला त्या हळदीच्या फोटोंचं काही करायचं नसतं. आमचं कार्ड अजून सापडलेलं नाही. ते जोडपं भेटलं की अजून विचारतं.